आणखी एक रविवार

"रतन गो… कंदील वर धर!"

दिवेलागणीला खाडीवरून ही हाक यायची. रतन तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. कोलशेतच्या धक्क्यावर ती दोन्ही हातांनी कंदील डोक्यावर धरून उभी राहायची. आधी बापाचा आवाज यायचा, मग वल्ह्यांचं चुबुकचुबुक, आणि सगळ्यांत शेवटी होडी. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या तिवरांतले बगळे उठावेत.

रतन मोठी होऊन कामाला लागली. मग अठ्ठ्याण्णव साली गणपती गावाला गेले आणि त्याच आठवड्यात तो आवाज गेला. रतनच्या बापाला, धाकूला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. जीभ थोडीफार माघारी आली, हात काही आला नाही. दारातल्या खाटेवर बसून तो दिवसभर पाण्याकडे बघायचा. मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने उचलून इकडचा तिकडे ठेवायचा, शेजारणीने सांभाळायला दिलेलं तान्हं मूल ठेवावं तसा.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. धाकूने तो डाव्या हाताने खाडीत भिरकावला. "मी काय पोर हाय, चेंडू खेलाया?"

बाईंनी रतनला बाजूला घेतलं. "बोटांबरोबर मनही लागेल असं काहीतरी द्या त्यांना. नाताळपर्यंत जे परत यायचं ते येईल. त्यानंतर… फार आशा धरू नका."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बापाला दवाखान्यातून घरी नेताना ती वाटेत टेंभी नाक्याजवळ विश्रामशेठच्या छापखान्यात थांबली. चार वर्षं ती तिथे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवत होती. आदल्या दिवशी शेठने यंत्रांची पूजा केली होती, आणि पूजेनंतर कॉम्प्युटरने मौनव्रत धरलं होतं. टेबलाखालून दोन लांब पाय बाहेर आले होते.

"कोण आहे खाली?" तिने विचारलं.

"डोंबिवलीच्या दुकानातून आलोय, दुरुस्तीला. सुधीर." पायांमागून डोकं निघालं, केसांत झेंडूची पाकळी. हातात कीबोर्ड, तोही उलटा. त्यातून हळद, कुंकू आणि अक्षता टपटप पडत होत्या. "मशीनला कुंकू लावलं, समजू शकतो. पण अक्षता? लग्न लावत होतात का कुणाशी?"

"पेढाही भरवणार होतो," विश्रामशेठ म्हणाले. "तोंडच सापडलं नाही त्याचं."

"सापडलंय. फ्लॉपीच्या फटीत पेढाच आहे."

रतनला हसू आवरेना. गणपतीनंतर ती पहिल्यांदाच हसत होती. सुधीर मात्र हसायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिला… आणि मग घाईघाईने स्क्रू शोधायला लागला.

बटणं नीट चालतात का हे बघायला त्याने गाड्यांचा खेळ लावला. स्टुलावर बसलेल्या धाकूला म्हणाला, "काका, चालवणार गाडी?" आणि उत्तराची वाट न बघता त्याचा लुळा हात उचलून बाणाच्या बटणावर ठेवला. पडद्यावर रस्ता उजवीकडे वळला. गाडी कठड्यावर आदळणार, तोच… धाकूचं मधलं बोट हललं. तांदळाएवढंच, पण हललं. गाडी वळली.

"हाललं!" धाकू ओरडला. "गो बाय, हाललं!"

रतनने हाताला येईल ते घट्ट धरलं. थोड्या वेळाने शेजारून हलकेच आवाज आला, "हात सोडलात… तर स्क्रू लावतो."

दिवाळीनंतर छापखाना बंद व्हायचा होता, पण पत्रिकांचं काम घरी न्यायला शेठ तयार होते. कोलशेतला वीज तासन्‌तास जायची. मांडीवर घेता येईल, वीज गेली तरी तग धरेल, दिवसा रतनच्या पत्रिका जुळवेल आणि दुपारी बापाची बोटं खेळवेल, असा एक लॅपटॉप हवा होता. नवा परवडणं शक्यच नव्हतं. जुना, पण धडधाकट. मनुबाईने, रतनच्या आईने, होडी विकली. विकताना रडली नाही. "हात परत आला त होडी बी येल," एवढंच म्हणाली.

पारख करायला सुधीर येणार होता, दर रविवारी, त्याच्या खडखडत्या स्कूटरवर.

"कामात मशीन सभ्य वागतं," त्याने पहिल्याच दिवशी कल्याणच्या वाटेवर शिकवलं. "अक्षरं जुळवायला त्याला घाम फुटत नाही. खेळायला लावलं की खरा स्वभाव बाहेर येतो. तापतं, अडखळतं, रुसतं."

"माणसांचंही तसंच असतं?"

"मला कधी खेळायला लावलंय तुम्ही?"

बरं झालं तो पुढे बघत होता… रतनचे कान लाल झाले होते.

कल्याणचा लॅपटॉप एका औषधविक्रेत्याचा होता. रतनने फ्लॉपीतली पत्रिका उघडली. जोडाक्षरं जागच्या जागी बसली, गणपतीचं चित्र झरकन आलं. मग खेळ. सुधीरने आधीच सांगून ठेवलं होतं, "स्वस्त पडद्यांना एक खोड असते. हलती वस्तू मागे सावली ओढते. पत्रिकेला चालून जाईल, खेळाला नाही. काकांना गाडी कुठली आणि सावली कुठली, तेच कळणार नाही."

अर्धा तास गाडी पळवली. वीज काढून बॅटरीवर पळवली. लॅपटॉप तापला नाही, अडखळला नाही. सुधीर तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. मान वळवायची नाही, असं तिने स्वतःला तीनदा बजावलं. चौथ्यांदा वळवलीच. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"नको हा," तो म्हणाला.

"का?"

"सावली… राहते."

रतनने पडद्याकडे बघितलं. गाडी लख्ख होती, तासलेल्या सुपारीसारखी. चार वर्षं पडद्याकडे बघून तिची नजर अशी तयार झाली होती की पत्रिकेतला चुकलेला अनुस्वार तिला दुरून टोचायचा. तिथे सावली नव्हती. 'कुठंय रे सावली?' शब्द अगदी जिभेवर आले.

"पुढच्या रविवारी डोंबिवलीत एक आहे," सुधीर नजर चुकवत म्हणाला. "येशील?"

याल नव्हे. येशील.

रतनने जिभेवरचे शब्द गिळले. "येईन," म्हणाली.

तिथून पुढचे रविवार कसे गेले ते रतनला नंतर कुणी विचारलं असतं, तर तिने डोळे मिटले असते. डोंबिवलीच्या लॅपटॉपची सहा बटणं मुकी निघाली. दुसऱ्या एकाची बॅटरी चहा येईपर्यंतही टिकली नाही. शीळफाट्याच्या भंगारवाल्याने जो दाखवला त्याच्यातून झुरळ निघालं. सुधीर गंभीरपणे म्हणाला, "हे चालू आहे, बाकी काही नाही." रतन हसता हसता रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मग तिखटमीठ लावलेला पेरू, अर्धा त्याचा, अर्धा तिचा. वाऱ्यावर उडणारी तिची ओढणी त्याच्या मनगटाला वेढा घालायची आणि दोघांपैकी कुणालाच ती सोडवायची घाई नसायची.

"हे असं सापडेचना तर?" एकदा तिने विचारलं.

"तर शोधत राहू."

"किती दिवस?"

"तुला कंटाळा येईपर्यंत."

"मला नाही येत लवकर."

घरी मनुबाई सुकट निवडता निवडता लेकीकडे तिरप्या डोळ्याने बघायची आणि आपल्याशीच गुणगुणायची,

*भरतीच्या पान्यावर चांदनं गो नाचतं,*
*माज्या लेकीचं काळीज कोन दुरून वाचतं?*

"गप गं आये," रतन म्हणायची. खाटेवरून धाकू तोंडातल्या तोंडात विचारायचा, "आनलास का गो?" आणि ती म्हणायची, "पुढच्या रविवारी, बा." तो मान हलवायचा. मांडीवरचा हात इकडचा तिकडे ठेवायचा.

रात्री कुशीवर वळलं की तिला ती लख्ख गाडी दिसायची. बोलायचं, उद्याच बोलायचं, असं ठरवून ती झोपायची. पण सकाळी कोपऱ्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला की सगळं ठरवलेलं विरघळून जायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी धाकूची बोटं तपासली. मग हलकेच परत मांडीवर ठेवली. रतन नाक्यावरच्या पीसीओत गेली आणि तिने कल्याणला फोन लावला.

"तो लॅपटॉप?" औषधविक्रेता म्हणाला. "दिवाळीतच गेला, ताई. तुमच्याबरोबर आलेले ना, ते साहेबही गेल्या आठवड्यात विचारायला आलेले. बराच वेळ जिन्यात बसून होते, तोंड अगदी उतरलेलं."

रतनने फोन ठेवला. काचेच्या खोपट्याबाहेर माणसं रांगेत उभी होती. कुणीतरी टकटक केलं तेव्हा ती बाहेर आली.

त्यानंतर सुधीर वेड्यासारखा शोधत सुटला. रविवारची वाट बघेना. अंबरनाथ, भिवंडी, वाशी… दुकानातली कामं टाकून हिंडला. पण चांगली वस्तू कुणाची वाट बघत नसते. नाताळ आला, गेला. घराघरांत तिळगुळाची तयारी सुरू झाली तेव्हा कुठे एक मिळाला. सुधीर तो टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. रतनने पत्रिका उघडली, जोडाक्षरं बसली. खेळ लावला, गाडी स्वच्छ होती.

मनुबाईने धाकूच्या पाठीमागे उशी लावली. सुधीर खाटेजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने उजवा हात उचलून बाणाच्या बटणावर ठेवला.

रस्ता वळला. गाडी सरळ गेली आणि कठड्यावर आदळली.

पुन्हा लावला. धाकूच्या कपाळावर घाम आला. मानेची शीर ताठ झाली. बोटं बटणावर तशीच पडून राहिली. गाडी आदळली.

"हळू, काका. घाई नाही. परत."

पाच वेळा. दहा वेळा. दारात उभी असलेली मनुबाई आत गेली आणि आतून भांडं उगाचच घासल्याचा आवाज येऊ लागला.

"ऱ्हाऊं दे," शेवटी धाकू म्हणाला. डाव्या हाताने त्याने उजवा हात बटणांवरून उचलून घेतला. "निजला तो." मग तोच डावा हात सुधीरच्या डोक्यावर ठेवला. "तू… चांगला पोर हायस. आमच्यासाटी किती फिरलास र."

सुधीर उठला. चपला न घालताच बाहेर गेला.

रतन मागोमाग गेली. धक्क्यावर ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या. तो पाण्याकडे पाठ करून उभा होता.

"रतन, कल्याणचा…" त्याचा आवाज फाटला. "कल्याणचा चांगला होता. एकदम चांगला. सावली वगैरे काही नव्हती. मी खोटं बोललो. मला वाटलं, घेतला की संपलं… मग तू कशाला भेटशील? फक्त आणखी एक रविवार पाहिजे होता मला. एकच. दुसरा लगेच मिळेल वाटलं. आणि आज काका मला…" तो स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघायला लागला. "तू मला काहीही बोल. मार. पण गप्प उभी राहू नकोस."

एवढा वेळ तिने दोन्ही हातांनी ओढणीचा पीळ घातला होता. तो तिने सोडला. घरात जाता आलं असतं. त्याने अपराध आपल्या डोक्यावर घेतला होताच, ती नुसती रडली तरी पुरलं असतं. आयुष्यभर तो माफी मागत राहिला असता आणि ती माफ करत राहिली असती.

"मला दिसत होतं," रतन म्हणाली.

त्याने वर बघितलं.

"त्याच दिवशी. पडदा स्वच्छ होता, मी बघत होते ना. तू खोटं बोललास, आणि मला… मला आनंद झाला, सुधीर. इतका, की बाचा हात विसरले मी. बाईंनी तारीख मला सांगितलेली, तुला नाही. घरी येऊन रोज बाच्या तोंडाकडे बघितलं आणि रोज गप्प बसले. तुझ्या आधी मी बोलायला हवं होतं, नाही बोलले. कारण बाच्या हाताआधी… मला तू हवा होतास."