भिंतीतून आलेली शीळ

"गिबीबाबा, तुमचा नळ गळतोय वाटतं," पाखरं बघायला आलेल्या दोघांतली पोरगी म्हणाली.

"नळ नाही तो. बस खाली," म्हातारा गिबी म्हणाला. "उद्या तुम्हाला त्या बेटावर न्यायचंय ना? मग लाउरीचं ऐकून घ्या. माझा शेजारी. खरं घडलेलं आहे हे."

गेल्या वर्षीची अठरा जुलै, शुक्रवार. लाउरी अलामूटी मोजायला निघाला होता. चिमणीएवढी ही काळी पाखरं दिवसभर समुद्रावर असतात, अंधार पडला की बेटावरच्या दगडी भिंतीच्या फटींत शिरतात. दिसायची नाहीत. म्हणून दर फटीशी टेपवर त्यांचा आवाज लावायचा. आतून उत्तर आलं की तिथे घरटं.

लाउरीची बायको बाबी दारात आली. मागे टेबलावर एर्टीचं ताट झाकून ठेवलेलं. त्यांचा एकुलता एक एर्टी आदल्या वर्षी खेकडे धरायला गेला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून बाबीचा नेम, पोराचं ताट रोज वाढायचं. मटणाचं सूप, दोन बटाटे. देव दयाळू आहे, म्हणायची.

"त्या भिंतीशी त्याला हाक मारू नका हं," ती म्हणाली. "बुडालेली माणसं ओ देतात तिथे."

"आणि न बुडालेली?"

"ती कशाला देतील! ती घरी येतात." बाबी हसली. कितीतरी दिवसांनी.

गिबीने त्याला होडीतून बेटावर सोडलं. "तू इथेच थांब," लाउरी म्हणाला. "तुझ्या खोकल्याने अंड्यातली पिल्लंसुद्धा पळतील."

वारा नव्हता. पाऊस नव्हता. भिंत कोरडी ठणठणीत. लाउरीने पहिल्या फटीशी टेप लावली. उत्तर नाही. दुसरी. तिसरी. एरवी भिंतभर किरकिर चालायची. यंदा एक पाखरू नाही.

मग टेपही बंद पडली.

शेवटची फट राहिली होती. लाउरी वाकला आणि सवयीने शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. संध्याकाळी एर्टीला जेवायला बोलवायची, तीच. घातल्यावर त्याच्या लक्षात आलं...

आतून शीळ आली.

दोन आखूड. एक लांब.

"पोरा...?"

काही नाही.

लाउरीने कोटाच्या बाहीसकट उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. आणि मग... तसाच राहिला. बराच वेळ.

परत आल्यावर तो तडक घरी गेला. टेबलावरचं ताट उचललं. सूप ओतलं, ताट धुतलं, पुसलं, पालथं घातलं. बाबी बघत होती. दुसऱ्या संध्याकाळी तिने दोनच ताटं घेतली.

गिबी थांबला. शेगडीतला निखारा खचला.

"लाउरीचा तो कोट बाबीला घरात नको झाला. म्हणून इथे आणला." त्याने दारामागच्या खुंटीकडे मान वळवली. "रात्र कोरडी होती, पोरांनो. वर्ष झालं. शेगडीसमोर वाळत घातला, उन्हात घातला..."

पोरगी उठली. कोट कोरडाच होता. उजवी बाही तेवढी कोपरापर्यंत ओली. तिने बोट लावून जिभेला टेकवलं.

खारट.

टप्... खाली फरशीवर थेंब पडला.