घेतलं म्हणेपर्यंत

माझ्या तान्ह्या तुनूला ताप येऊन नऊ दिवस झाले होते. गावातल्या दवाखान्याने हात टेकले, तेव्हा मी तिची दुपटी, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि माझी यादी पिशवीत भरली. यादी नेहमीच असते. ताबोऱ्याला नोकरीला असलेला नवरा फोनवर चिडवतो, "वर्गातल्या मुलांवर ठेवतेस तेवढा तरी स्वतःवर विश्वास ठेव, बाई." मुलांचा डॉक्टरही ताबोऱ्यालाच. म्हणजे आधी जहाजाने किगोमा, मग आगगाडी. ही गाडी चुकली की पुढची चार दिवसांनी. तुनूकडे चार दिवस आहेत असं मला वाटत नव्हतं.

आमच्या गावाला धक्का नाही. जहाज सरोवरात दूर उभं राहतं आणि आम्ही होडीने त्याच्या कुशीतल्या दारापर्यंत जातो. त्या दुपारी डोंगरावर गवत जळत होतं. धुराने पाणी आणि आभाळ एकच झालं होतं. जहाज दिसायच्या आधी त्याचं धडधडणं ऐकू आलं.

दाराशी होड्या एकमेकींवर आदळत होत्या. अशा वेळी पाठीवरचं मूल सोडून आधी वर द्यायचं, मग आपण चढायचं. वरच्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय खालच्याने हात सोडायचा नाही. हे आम्हाला चालण्याआधी शिकवतात.

मी तुनूला उंच धरलं. दारातल्या काळोखातून दोन हात आले. बाईचे. मनगटात तांब्याची कडी, तळवे गरम, खरखरीत.

"घेतलं," आवाज आला. अगदी हळू.

मी सोडलं. त्याच क्षणी लाटेने होडी बाजूला फेकली. परत दाराला लागेपर्यंत चांगली पाच मिनिटं गेली. मी चढले तर दारात एकटा सेलेमानी खलाशी, सुक्या मासळीची पोती ओढत.

"माझी मुलगी?"

"कुठली मुलगी, बाई?"

"आत्ता घेतली ना... त्या बाईने..."

त्याने पोतं खाली ठेवलं. "या दारावर मी एकटाच असतो. जहाजावर कामाला बाई नाही." मग माझं तोंड बघून म्हणाला, "खाली बघू या. चला."

जिने उतरताना माझ्या तोंडातून प्रार्थना निघत नव्हती, पिशवीतली यादी निघत होती. दुपटी चार. बाटली एक.

इंजिनाच्या भिंतीमागे, दोराच्या वेटोळ्यात तुनू झोपली होती. शांत. घामाने केस ओले. कपाळ गार. ताप उतरला होता. आणि तिथे जळक्या लाकडांचा वास होता. सेलेमानीने नाक वर करून वास घेतला. "हे जहाज लाकडं सोडून तेलावर चालायला लागलं तेव्हा माझा बाप लहान होता," तो पुटपुटला.

मी तिला उचलली. खरं सांगायचं तर हिसकावलीच. क्षणभर ती जड लागली, कशात तरी अडकल्यासारखी. मग मी पळाले.

किगोमाला रूळ थेट धक्क्यापर्यंत येतात. जहाजाचा भोंगा ऐकल्याशिवाय गाडी हलत नाही, वाफेच्या दिवसांपासूनची रीत. गाडी उभी होती. फलाटावर चहा विकणारी म्वासिती आजी किटलीपाशी बसली होती. तिने तुनूच्या कपाळावरचा डाग बघितला. काजळीचा, अंगठ्याएवढा.

"न्यांझोबेने दिला वाटतं हातभार," ती म्हणाली, जणू शेजारणीबद्दल बोलावं तशी.

"कोण न्यांझोबे?"

"माझ्या आईची मैत्रीण. जहाजावरची मुलं उतरवून गाडीच्या खिडकीतून आयांना द्यायची. तिचं कामच ते. एकदा एका आईने घाईत मूल ओढून घेतलं, पण 'घेतलं' म्हणाली नाही. गाडी सुटली. ही बया कशी सोडणार? धावली गाडीबरोबर. फलाट संपेपर्यंत. मग चाकांखाली."

"आणि मूल?"

"मुलाला काय होतंय? आई होती ना आत." आजीने किटलीवरचं झाकण नीट केलं. "तू म्हणालीस ना, 'घेतलं'?"

"कोणाला म्हणू, आजी? तिथे कोणी नव्हतं."

आजीने चहासुद्धा दिला नाही. नुसती म्हणाली, "चढ आता. भोंगा झाला."

गाडी हलली तेव्हा मी तुनूला छातीशी धरून खिडकीशी बसले. बाहेर चाकांचा आवाज होता. आणि त्या आवाजात, डब्याच्या अगदी लगत, अनवाणी पावलं. धक्का संपला, गोदामं संपली, आंब्याची झाडं मागे पडली, तरी पावलं होतीच...

ताबोऱ्याच्या डॉक्टरने तुनूला उलटंपालटं केलं. "ठणठणीत आहे. तुम्हीच जरा झोप घ्या," तो मला म्हणाला.

याला सव्वा वर्ष झालं. तुनू चालते, चावते, माझी यादी फाडते. तिला त्यानंतर एकदाही ताप आलेला नाही. गोवर गल्लीभर फिरला, आमच्या दारावरून गेला.

फक्त संध्याकाळी चटईवरून तिला उचलते ना, तेव्हा दर वेळी एक ओढ लागते. हलकीशी. पलीकडून कोणी अजून धरून आहे.

एका शब्दात सुटेल बिचारी. मी रोज ठरवते, आज म्हणायचं. शब्द ओठांवर येतो. मग मी तुनूच्या कपाळाला हात लावते. गार असतं. आणि मी गप्प बसते. मी इतकी वाईट बाई आहे असं मला वाटलं नव्हतं.

अशा वेळी चटईच्या पलीकडून धापा टाकल्याचा आवाज येतो. अगदी हळू. मूल जागं होऊ नये, इतका हळू.