मधली खुर्ची

दुकानात जाऊन झोपणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मी झोपले. तीही साधी डुलकी नाही... चांगली मान टाकून, तोंड उघडं ठेवून, पर्स पोटाशी घट्ट धरून.

दोष माझा नव्हता. गीझर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी दिवसभर हेडफोन लावून गाऱ्हाणी ऐकते. पाणी तापत नाही म्हणून माणसं तापलेली असतात, आणि त्यांना थंड करायचं काम माझ्याकडे. संध्याकाळी सुटले की मला कुणाचा म्हणून आवाज नको असतो. आणि त्या दिवशी नेमकी मी गेले होते स्पीकरच्या दुकानात, नवे स्पीकर बघायला. दादाचं फर्मान होतं.

आत ऐकण्याची एक वेगळी खोली होती. जाड गालिचा, मंद दिवा, समोर दोन सडपातळ काळे स्पीकर आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक खुर्ची. बसल्याबरोबर माझ्या पाठीनं त्या खुर्चीला हात जोडले. "बसा, मी लावतो," असं तिथला माणूस म्हणाला. त्यानं काहीतरी लावलं. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा आवाज अगदी बारीक केलेला होता. माझ्या पायांवर स्पीकर झाकायचं मऊ कापड होतं. आणि तो माणूस भिंतीला टेकून खालीच बसला होता, माझ्याइतकाच थकलेला.

"अगंबाई! किती वेळ मी..."

"एक अख्खी मैफल," तो म्हणाला. "इथं लोक मान डोलावतात, वा वा करतात. पण इतकी प्रामाणिक दाद पहिल्यांदाच बघितली."

"मग उठवायचं ना!"

"उठवणार होतो. पण..." त्यानं कापडाची घडी घालायला घेतली. "तुम्ही अशा झोपला होतात, की वाटलं, हिला कुणीतरी बऱ्याच दिवसांत झोपू दिलेलं नाही."

लाजावं की चिडावं ते कळेना. दोन्हीला लागणारी ताकद अंगात नव्हती. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "डेमोवाले, गिऱ्हाईक आलंय!" मी मनातल्या मनात त्याचं तेच नाव ठेवलं.

जाता जाता त्यानं विचारलं, "घरी सध्या काय आहे?"

"दोन धुडं," मी म्हटलं. "माझ्या खांद्याला लागतात. लाकडी. पुढे तपकिरी जाळी."

तो ताडकन उभा राहिला. "ते काढू नका. म्हणजे... आधी मला एकदा बघू द्या."

"तुम्ही नवे विकता ना?"

"दिवसभर. दर वर्षी लोकांना सांगतो, गेल्या वर्षीचे विसरा. आणि गेल्या वर्षी मीच सांगितलेलं असतं, की याहून चांगलं काही नाही. थकतो हो माणूस. सुट्टीच्या दिवशी तरी थोडं पुण्य करू द्या."

ते स्पीकर आईचे. तरुणपणी, शाळेत शिकवत असताना, तिनं पगारातून साठवून घेतलेले. नातेवाईक म्हणाले होते, बायका दागिने घेतात, हिनं कपाटं घेतली. आईनं ऐकून घेतलं आणि गाणं लावलं. त्या दोन कपाटांसमोर मधोमध तिची खुर्ची. त्या खुर्चीत घरातलं दुसरं कुणी बसायचं नाही, हा आमचा अलिखित नियम. बाबासुद्धा बसले नाहीत कधी. ते गेले, आणि मग हळूहळू आईनं ऐकणंच सोडलं. आधी म्हणायची, आवाज फाटका येतो. मग म्हणायला लागली, "स्पीकरला काय धाड भरलीय? माझेच कान गेलेत." खुर्चीत बसायची, पण समोर गाणं नसायचं. मला ते बघवत नसे, आणि बघायला वेळही नसे.

दादा राहतो लांब, पण फोनवर अगदी डोक्यावर बसलेला. "आईला कुठं काय ऐकू येतंय? छोटे नवे घेऊन टाक. मी महिनाअखेरीला येतोय, तेव्हा माझा मित्र ती जुनी उचलून नेईल. त्याला हॉलमध्ये शोभेला हवीत."

रविवारी डेमोवाला आला, खांद्याला पिशवी लावून. त्यानं जाळी काढली आणि आतल्या मोठ्या, शंकूसारख्या कागदी कोनाच्या कडेला नुसतं बोट लावलं. कडेचा काळा भुगा आईच्या स्वच्छ फरशीवर पडला.

"काकू, कान शाबूत आहेत तुमचे. या कडा गेल्यात. स्पंजच्या असतात, वर्षानुवर्षं हलून कुजतात."

"समजूत घालताय होय माझी?" आई म्हणाली.

"भुगा दाखवून समजूत कोण घालतं?"

आईला हसू आलं. मी मात्र सरळ मुद्द्याला हात घातला. "नवेच घेतले तर काय बिघडलं?" खरं सांगायचं तर मला त्यानं 'घ्या' म्हणायला हवं होतं. एक काम संपलं असतं.

"काही बिघडत नाही. नवे उत्तम आहेत. गाणारीनं श्वास घेतला तरी कळतो. आणि सगळंच जुनं काही सोनं नसतं, काही नुसतंच जुनं असतं." त्यानं लाकडावर टिचकी मारली. "पण ही पेटी बघा. हे चुंबक बघा. कडा नव्या लावायच्या, आतले दोन-चार म्हातारे पार्ट बदलायचे. बाकी सगळं धडधाकट आहे. काकू या आवाजासोबत राहिल्यात. नव्या आवाजाशी ओळख करून घ्यायची का, ते त्यांनी ठरवावं."

आजवर आईला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ती म्हणाली, "हेच."

मग रविवार त्याचे झाले. तो कोन सोडवून जुना डिंक खरवडायचा, नव्या कडा चिकटवायचा आणि मग वाळेपर्यंत बसून राहायचा. मी कॉफी करायची. आम्ही दोघंही फार बोलायचो नाही. आठवडाभर बोलून घसे बसलेले असायचे.

"डिंक वाळायला केवढा वेळ लागतो हो," मी एकदा म्हटलं. "लवकर वाळणारा मिळत नाही?"

"मिळतो की."

"मग?"

त्यानं कपात बघितलं. "तो मी आणत नाही."

मी कप उचलून आत गेले आणि नळ उगाच सोडून ठेवला.

शेवटच्या रविवारी तो आतल्या वायरी जोडत होता. मी नुकतीच न्हाऊन आले होते, केस मोकळे, हातात टॉवेल. दारातूनच विचारलं, "झालं का हो?"

"झालंच..." तो म्हणाला. हातात सोल्डरगन तशीच, तिचा धूर वर चाललेला.

आई खुर्चीत बसली. डेमोवाला नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसला. आईनं तिची आवडती तबकडी लावली. एक बाई आणि तिच्यासोबत एकच वाद्य. आवाज आला, स्वच्छ. फाटकेपणा पार गेलेला. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आईनं डोळे उघडले.

"छान झालंय," ती म्हणाली. पाहुण्यांनी नको ती भेट आणली की ती याच आवाजात छान म्हणते.

"पण?" त्यानं विचारलं.

"पूर्वी ती बाई इथं उभी राहायची." आईनं दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या भिंतीकडे बोट केलं. "तिथं काहीच नाही ना? तरी तिथंच. अगदी समोर. आता ती सगळीकडे आहे, आणि कुठंच नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं मागच्या वायरी तपासल्या. लाल लालला, काळी काळीला. सगळं बरोबर होतं. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा दाराशी बसून ऐकलं. आईनं सुई उचलून ठेवली.

"राहू दे रे," ती म्हणाली. इतके दिवस ती त्याला अहोजाहो करायची. "तू केलंस सगळं. आता मात्र नक्की झालं. माझेच कान."

आधी निदान शंका होती. आता तीही उरली नाही. त्या आठवड्यात आई रेडिओच्या बातम्यासुद्धा लावेना, आणि बोललं की "काय म्हणालीस?" असं विचारायला लागली, ऐकू आलेलं असूनही. मला रडू यायचं आणि रागही यायचा. कुणावर ते कळत नव्हतं.

दादा फोनवर म्हणाला, "सांगत होतो ना मी?" मी हात टेकले. जेवणाच्या सुट्टीत दुकानात फोन लावला. "नवे पाठवून द्या. रविवारी दादा येतोय, जुने जातील."

"बरं." डेमोवाला म्हणाला. "म्हणजे नंतरच्या रविवारी मग..."

"मग काय काम?"

"काम... नाही काही."

मी फोन ठेवला, हेडफोन चढवला आणि पुढच्या गिऱ्हाईकाला म्हटलं, "मी आपली काय मदत करू शकते?" माझाच आवाज मला ओळखू येईना.

रविवारी सकाळी नवे स्पीकर आले. घेऊन तोच आला. खोकी दाराशी ठेवली, उघडली मात्र नाहीत.

"काकू, एक मागू? तुमच्या खुर्चीत मला एकदा बसू द्याल? जायच्या आधी."

मी आईकडे बघितलं. आई उठली.

त्यानं तीच तबकडी लावली आणि खुर्चीत जाऊन बसला. बाईनं पहिली ओळ गायली असेल-नसेल, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, पेचकस काढला, दोन्ही स्पीकरच्या जाळ्या उतरवल्या. खिशातून एक साधा सेल काढून एकाच्या वायरींना टेकवला. कोन टुण्णकन बाहेर आला. दुसऱ्याला टेकवला. तो आत गेला.

तो तिथंच फरशीवर बसला. खरं तर दोन वायरींची गुपचूप अदलाबदल करून तो मोकळा झाला असता. आम्हाला काय कळणार होतं?

"काकू, तुमचे कान नाहीत. चूक माझी आहे. आतली एक वायर मी उलटी जोडली. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग बाई मधे उभी राहणार कशी? बाहेरच्या वायरी तपासल्या, आत बघितलंच नाही, कारण आत माझी चूक होतच नाही, असा माज." त्यानं सेल खाली ठेवला. "माझ्यामुळे तुम्ही आठवडाभर स्वतःला बहिऱ्या समजत होतात. माफ करा."

"उलटी कशी जोडलीस?" आईनं विचारलं. अगदी वर्गात विचारायची तसं.

"वायरीकडे... बघत नव्हतो."

"मग कुठं बघत होतास?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"ह्या न्हाऊन आल्या होत्या," तो म्हणाला. "आणि ऐकतानाही दाराशी बसलो. दर वेळी तिथंच बसतो. तिथून आवाज नीट येत नाही. पण स्वयंपाकघर दिसतं."

माझे कान इतके तापले, की आमच्या कंपनीचा गीझर लाजला असता. आई मात्र हसत सुटली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी इथं देवाला विचारतेय, माझे कान का नेलेस... आणि हा केस बघतोय!"

त्यानं वायर सरळ केली. या वेळी वायरीवरून नजर हलवली नाही. आई खुर्चीत बसली. सुई टेकली. बाई गायला लागली.

आईनं डोळे मिटले नाहीत. तिनं मोकळ्या भिंतीकडे बघितलं आणि हळूच बोट केलं.

"आली," ती म्हणाली. "आली बघ. तिथंच उभी आहे."

मी तिच्या खुर्चीशी खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. थकवा, आनंद, काय काय होतं कोण जाणे.

दादाचा फोन आला. तो निघाला होता, मित्रासकट. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "मित्राला म्हणावं, शोभेला दुसरं काहीतरी बघ. आणि ओरडू नकोस, मला स्वच्छ ऐकू येतंय."

मग तिनं तबकडी उलटवली आणि आमच्याकडे वळली. "बसा दोघं."

"काकू, खुर्ची एकच आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी. आणि बहिरी तर मुळीच नाही." ती स्वयंपाकघरात गेली. आज कॉफी ती करणार होती.

आम्ही खुर्ची बाजूला सरकवली आणि तिच्या जागी खाली बसलो. मधोमध बसायचं तर खांद्याला खांदा लागणारच होता. मी सरकले नाही, तोही नाही.

"अहो, दुकानात काय सांगाल? खोकी न उघडता का परत आणली म्हणून?"

"अहो नको."

"बरं... काय सांगशील?"

"सांगेन, घरात जागा नव्हती." तो हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या रविवारी दुरुस्तीला काही नाहीये. तरी येऊ?"

"ये," मी म्हटलं. एवढंच. माझ्यात तेवढंच उरलं होतं, आणि त्याला तेवढं पुरलं. माझं डोकं आपोआप त्याच्या खांद्यावर टेकलं. समोरच्या मोकळ्या भिंतीपाशी ती बाई गात होती, आणि माझे डोळे जड व्हायला लागले.

"झोप येतेय ना? झोप," तो कानाशी म्हणाला. "मी आवाज कमी करतो."

"नको," मी म्हटलं. "करू नकोस. आई ऐकतेय."