चार दहाची धडधड

चार वाजायला आले तसे पिराजी तारळेकरांनी तीन कप चहा गाळला आणि दार उघडं ठेवलं. एक कप त्यांचा, एक डॉ. मृदुला आष्टेकरांचा. तिसऱ्यावर त्यांनी बशी झाकली. मृदुलाला तो कुणाचा ते ठाऊक होतं आणि त्यामुळेच पर्समधली गोळ्यांची पट्टी बाहेर काढायला तिचा हात धजत नव्हता.

पिराजी मिरजेच्या एसटी स्टँडवर पस्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सोडणारा माणूस म्हणून त्यांचा दरारा होता. हृदयविकाराच्या झटक्याने त्यांच्या हृदयाचा एक कोपरा मेला, तेव्हा मृदुलाच्या संस्थेने त्यांच्याच कातडीच्या पेशींपासून मूळपेशी बनवल्या, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या कोऱ्या पेशी. त्यांतून हृदयाच्या स्नायूचं ठिगळ वाढवलं आणि पाच महिन्यांपूर्वी ते हृदयावर शिवलं. पिराजी आता जिना चढत होते. फक्त रोज दुपारी चार दहाला, बसल्या जागी, त्यांचं हृदय धावत सुटे.

पिराजींना त्याचं कारण माहीत होतं. जतची गाडी चार दहाला मिरजेत लागते. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा धाकटा भाऊ मारुती त्याच गाडीने येत होता. लोक म्हणाले, थांबूया. पिराजींनी घड्याळ पाहिलं आणि साडेतीनला तिरडी उचलायला लावली. मारुती आला तो रिकाम्या घरात. त्यानंतर भाऊ एकमेकांशी बोललेच नाहीत. आता काळीज सांगतंय तो येणार, असं पिराजी म्हणत. तीन आठवडे त्यांनी बशीखाली चहा गार होऊ दिला होता.

खरं कारण मृदुलाला चार दिवसांपूर्वी, प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदी चाळताना कळलं होतं. ठिगळाला पोषकद्रव यंत्राने, दररोज वेगळ्या वेळी द्यायचं, असा नियम होता. पण यंत्राचं पाणी गारढोण, म्हणून प्रयोगशाळेतल्या मुजावरबाई स्वतःचा चहा झाला की ते कोमट करून हाताने घालत. नव्वद दिवस, चार दहाला. पेशी तरारून वाढत होत्या, म्हणून नियम मोडतोय याकडे तेव्हा मृदुलानेही काणाडोळा केला. वैरणीच्या वेळेला म्हैस हंबरते, तसं ते ठिगळ आपल्या वेळेला जागं होत होतं, आणि त्याच्या मागे सगळं हृदय धावत होतं.

तिने हे सगळं पिराजींना सांगितलं. चूक आपली, हेही सांगितलं. रोजच्या धावण्याने टाके कमकुवत होतील, गोळी आजच सुरू करायला हवी, असंही ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःचाच राग येत होता.

घड्याळात चार दहा झाले. पिराजींच्या छातीवरच्या पट्ट्याने मृदुलाच्या फोनवर ठोक्यांचा आकडा पाठवला, एकशे बावीस. पिराजींची नजर दाराकडे गेली, आणि मृदुलाचीही.

"म्हणजे मारुती न्हाई," ते म्हणाले. "त्या बाईंच्या पाण्याची वाट बघतंय हे?"

"पेशींना वाट बघणं कळत नाही, तारळेकर. त्यांना फक्त वेळ कळते."

"मलाबी आजवर तेवढंच कळत होतं."

गोळीने धडधड थांबेल, हे ती छातीठोकपणे सांगू शकत होती. पण धडधडीबरोबर हे उघडं दार आणि तिसरा कपही बंद होईल का? ते तिच्या कुठल्याच चाचणीत मोजलं नव्हतं. आणि पेशी तर पिराजींच्याच. मग परकं काय होतं त्यात? तिने गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

वीस मिनिटांनी आकडा बहात्तरवर आला. पिराजींनी बशी काढली, तिसरा कप उचलला आणि पहिल्यांदाच तो गार चहा स्वतः पिऊन टाकला.

"एक दिवस द्या मॅडम. परवापास्नं गोळी घेतो."

"उद्या काय आहे?"

"उद्या सकाळच्या गाडीनं जतला जातो. चार दहाला मी त्याच्या दारात असणार." त्यांनी छातीवर हात ठेवला. "तितं धडधडलं, तर ते कुणाचं म्हणायचं?"