खांदापट्टीखालचा रंग

त्या दिवशी मी फक्त पार्सल आणायला गेले होते. आम्ही घरी नसलो की टपालवाला आमची पार्सलं खालच्या बेकरीत ठेवतो, आणि बाळाला, अर्विदला, पोटाशी बांधून जिने उतरायला मला तेवढंच निमित्त पुरतं. इथं जर्मनीत, बाउत्सेनमध्ये, नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं. वर येईपर्यंत जिन्यातले दिवे लागलेले होते.

फाल्क, माझा नवरा, जुन्या जर्मन सैन्याच्या गणवेशांवरची चिन्हं जमवतो. या खेपेला एक खांदापट्टी होती, पहिल्या महायुद्धातली, राखी कापडावर लाल आकडे. त्यानं कोठीचं दार लावून जांभळा दिवा पेटवला. त्या दिव्याखाली आजकालचा धागा निळा चमकतो, जुना काळाच राहतो. नकली माल असाच पकडतात.

"अस्सल! रीके, एकही टाका चमकत नाहीये बघ!"

"अभिनंदन. आता भांडी घासशील?"

त्यानं हसत पट्टी काचेच्या कपाटात ठेवली.

आता माझं सांगते. पाच महिने मी सलग झोपलेले नाही. परवा दुधाची बाटली बुटांच्या कपाटात सापडली. ठेवणारी मीच असणार, दुसरं कोण? तेव्हापासून माझी सासू गुंडुला, फाल्कची मुटी, म्हणजे आई, अर्विदला काही दिवस आपल्याकडे न्यायचं म्हणत होती. फाल्क तिला नाही म्हणत नव्हता, हेच मला झोंबत होतं.

पाजून झाल्यावर अर्विदला पाळण्यात ठेवलं आणि शेजारच्या खुर्चीत माझा डोळा लागला. जाग आली ती वासानं. ओली लोकर… आणि विझलेला धूर. अर्विद जागा होता, अगदी शांत. आणि सासूनं गेल्या आठवड्यात पाठवलेल्या त्याच्या लोकरी डगल्याच्या खांद्यावर ती पट्टी होती. शिवलेली. बारीक, घट्ट टाक्यांनी.

दारात फाल्क उभा होता.

"रीके… सुई कुठंय?"

"मला… माहीत नाही."

त्यानं अर्विदला उचलून माझ्याकडे दिलं आणि पाळण्यातली चादर झटकली, गादी उलटी केली. सुई नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी मुटीला उद्याच बोलावतो. हे आता… तूच सांग, त्याला तुझ्याजवळ कसं ठेवू?"

मी माझी बोटं तपासली. टोचल्याची खूण नव्हती, पण माझा स्वतःवर तरी कुठे विश्वास होता? शिवलंही असेल मी. बाटली ठेवलीच होती की.

"तुझा दिवा आण," मी म्हणाले.

त्या जांभळ्या उजेडात माझ्या शिवणाच्या डब्यातली रिळं निळी पेटली. अर्विदचं लाळेरंही पेटलं. खांद्यावरचे टाके मात्र काळेच राहिले.

"घरात असला धागाच नाहीये," फाल्क हळूच म्हणाला. "हे… तू नाही केलेलं."

खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. मी वेडी नव्हते! पोर माझ्याजवळच राहणार होतं! भीती नंतर आली, पायांकडून वर.

फाल्कनं एकेक टाका कापून पट्टी उचलली आणि तिथंच थांबला. खाली डगल्याचा रंग गडद निळा होता. बाकी सगळा डगला फिकट, विटलेला. वर्षानुवर्षं उन्हात वापरलेल्या कोटावरचं चिन्ह काढलं की असंच दिसतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

"मुटीनं जुनं कापड वापरलं असेल," असं म्हणत त्यानं घाईघाईनं तिला फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"कसला डगला?" गुंडुला म्हणाली. "मी फक्त टोपी पाठवली होती रे."

फाल्कनं फोन खाली ठेवला. 

"आठवडाभर… मीच रोज त्याला तो घालतोय."

मी डगल्याची बटणं काढायला घेतली. अर्विदनं माझ्याकडे पाहिलं आणि इवल्याशा मुठीत डगल्याच्या गळ्याची कड गच्च धरून ठेवली.