आधी इथे कोण होतं?

डबल बेडची खोली पंचवीस मिनिटांत होते. पाहुणा जास्त पसारा करणारा असेल तर तीस. मी बावीस वर्षं हॉटेलात खोल्या करते, त्यामुळे यात बढाई काही नाही, सवय आहे. दाराच्या डाव्या हाताला सुरुवात करायची, भिंत धरून खोलीला वळसा घालायचा, वरून खाली यायचं, मग पलंग, शेवटी फरशी. फरशी पुसत पुसत पाठमोरं बाहेर पडायचं. एकदा पुढे गेलं की मागे वळायचं नाही. मागे वळलं की वेळ गेलाच म्हणून समजा.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. खोलीतून काही हरवल्याची तक्रार आली, तर ती खोली जिने केली तिने त्याच दिवशी बसून सगळं क्रमाने लिहून काढायचं. अंदाज लिहायचे नाहीत, कुणावर ढकलायचं नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. साडेबारा वाजलेत. एक वाजता माझी मुलगी येणार आहे.

ती तीन वर्षांनी येतेय. माझ्यावर रागावून गेली होती, आणि कारण ऐकलंत तर हसाल. ती सहलीला गेली असताना मी तिची खोली आवरली. आवरली म्हणजे माझ्या पद्धतीने. खोक्यात साठवलेली तिकिटं, मैत्रिणींच्या चिठ्ठ्या, जोडीतलं एकटं राहिलेलं कानातलं, सगळं काळ्या पिशवीत. परत आल्यावर ती दारातच थांबली आणि म्हणाली, "आई, तुला घर नकोच आहे. तुला हॉटेल पाहिजे." महिन्याभरात तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. मीही ताठच. तिच्या बाबांना फोन यायचे, मला नाही. तीन वर्षं मी आतल्या आत झुरले, पण फोन काही केला नाही.

काल संध्याकाळी मात्र फोन मला आला.

"आई, उद्या येऊ? एक रात्र राहीन म्हणते."

"ये की."

"माझी खोली आहे ना अजून?"

"आहे की. जाईल कुठे?"

खोली कसली, अडगळ झाली होती. इस्त्रीचं टेबल, रद्दी, यांची मोडकी सायकल, दोन बंद पडलेले पंखे. जगाच्या खोल्या चकचकीत करणाऱ्या बाईच्या घरात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पहाटे सहापासून अकरा खोल्या करून मी सव्वाअकराला घरी आले, तेव्हा कंबर बोलत होती आणि पाय माझे राहिले नव्हते. तरी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

हे छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून दुपारचा स्वयंपाक त्यांच्याकडे आहे. मी आल्या आल्या म्हणाले, "बटाट्याची भाजी टाकतोय. बिनकांद्याची." लेकीला कांदा चालत नाही. लहानपणापासून भाजीतला एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला लावायची. यांनी ओट्यावर तीन ताटं पालथी घालून ठेवली होती. चेहरा नुसता फुलला होता.

त्यांनीच अडगळ उचलून गच्चीत नेली. मी बादली, फडकी आणि डाग काढायच्या औषधाची बाटली घेऊन दाराच्या डाव्या हाताला उभी राहिले.

पहिली चूक तिथेच झाली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. अकरा रेघा, एकीवर एक. दर वाढदिवसाला तिला चौकटीला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारायची. पण माझा हात बावीस वर्षांच्या सरावाने पुढे चालतो, डोकं त्याच्या मागून येतं. डोकं पोचेपर्यंत चौकट पांढरीशुभ्र झाली होती.

मी फडकं उलटून बघितलं, रेघा त्यावर सापडतात का. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात हे सायकल घेऊन बाजूने निघाले. "कसले डाग होते गं?"

"डाग कसले? उंचीच्या रेघा होत्या."

"कुणाच्या?"

यांना चेष्टेची सवय आहे. मी घरी आल्यापासून "मॅडम, साबणाच्या छोट्या वड्या ठेवणार का?" असं चाललंच होतं. मी लक्ष दिलं नाही. मागे वळायचं नाही.

भिंतीवर चांदण्यांचे स्टिकर होते, निम्मे गळालेले. मी खरवडून काढले. टेबलाच्या खणात कंगवा होता, त्यात केस. नेलपॉलिशची सुकलेली बाटली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक, त्यावर लाल पेनाने काढलेलं एक रडकं तोंड. हे ठेवू का, असं एकदा मनात आलं. पण घड्याळ बारा दाखवत होतं आणि काळी पिशवी उघडीच होती.

तुम्ही म्हणाल, एकदा ठेच लागूनही शहाणपण आलं नाही. आलं नाही खरं. दमलेल्या माणसाचा शहाणपणा हातातच असतो, आणि माझ्या हाताला एकच गोष्ट येते.

तेव्हा वास आला. फोडणीतला कांदा, चांगला लालसर होत आलेला.

मी खोलीतूनच ओरडले. "अहो, कांदा घातलात?"

"मग?" हे म्हणाले. "कांद्याशिवाय भाजी कधी केलीये आपण?"

मनात पाल चुकचुकली. वय झालं, विसरले असतील, असं म्हणून मी पलंगाकडे वळले. चादर ताणली, कोपरे दुमडले. उशी ठेवायला हात उचलला आणि तसाच राहिला. उशी खिडकीकडे की भिंतीकडे? ती कुठल्या अंगाला डोकं करून झोपायची? बावीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या हजारो उश्या लावल्या. ही एक आठवेना.

मी मधोमध ठेवली.

फरशी पुसत पाठमोरी बाहेर आले. चांगली झाली होती खोली. मला तर अभिमानच वाटला.

आमच्या सुपरवायझर बाईंना आम्ही भिंग म्हणतो. त्या खोली तपासतात ती शेवटी दारात उभं राहून. मोठ्याने विचारतात, "आधी इथे कोण होतं?" एखादा केस, कपाचा एखादा गोल डाग, जरासा वास, काहीही उत्तर द्यायला उरलं असेल तर खोली नापास. काहीच उत्तर आलं नाही, तर पास. ती सवय मलाही लागलीय. मी दारात उभी राहून विचारलं, "आधी इथे कोण होतं?"

मागून हे म्हणाले, "कुणीच नाही."

मी वळले. ते फडक्याला हात पुसत उभे होते. चेष्टा करताना यांच्या डाव्या गालाला खळी पडते. ती पडली नव्हती.

"अडगळीचीच तर होती," ते म्हणाले. "आपल्या दोघांच्या घरात तिसरं कोण असणार?"

त्यांच्या मागे ओट्यावर दोनच ताटं होती.

मला भीती वाटली. मी धावत जाऊन काळी पिशवी शोधली. ती दाराशी नव्हती.

"पिशवी कुठंय?"

"कचऱ्याची गाडी आली होती. दिली."

मग मी पेन्सिल घेतली आणि चौकटीपाशी गेले. निदान रेघा तरी परत मारू. पेन्सिल टेकवली, वर सरकवली, खाली आणली. पहिली रेघ कुठे होती? माझ्या गुडघ्याशी? कमरेशी? मी किती वेळ उभी होते कोण जाणे. चौकटीवर एकसुद्धा रेघ मारता आली नाही. तिच्या हनुवटीखाली एक खूण आहे, पडल्याची. की कपाळावर आहे?

म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं राहतं. तिला खोली हवी होती, आणि मी तिला

बेल वाजली.

दोन वाजले. राहिलेलं लिहून टाकते, नियम तो नियम.

पाहुणी वेळेवर आली. यांनी दार उघडून "कोण हवंय आपल्याला?" असं विचारलं. ती नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रवासाने दमली असावी, डोळे भरून आले होते. अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ आहे. मी म्हटलं, "या ना. खोली तयार आहे तुमची."

ती मला आई म्हणाली. हल्लीच्या मुली कुणालाही पटकन आई म्हणतात, पण बरं वाटलं.

खोलीच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली. चौकटीवरून बोट फिरवलं, खालून वर, थांबत थांबत. मी दुरून मोजलं. अकरा ठिकाणी थांबली. पुसायचं काही राहिलंय की काय म्हणून मी नंतर जाऊन बघितलं. चौकट स्वच्छ आहे.

यांनी तिसरं ताट काढलं. जेवताना तिने भाजीतला कांदा वेचून ताटाच्या कडेला लावला, एकेक तुकडा. "आधी सांगितलं असतंत तर नसता घातला," हे म्हणाले. तेव्हा ती उठून आत गेली. दार लावून घेतलंय. उद्या सकाळी जाणार आहे.

तपासणीसाठी वरचं सगळं एकदा वाचून काढलं. काय हरवलंय ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि सुरुवातीलाच, साडेबारा वाजलेत याच्या पुढे, 'माझी मुलगी' असं लिहिलंय.

अक्षर माझंच आहे.