पहिली चिमूट

ही गोष्ट घडलेली आहे.

ज्यांच्या घरात घडली त्या आण्णांनी ती मला स्वतः सांगितली. आण्णा नात्यानं माझे मावसे. खोटं बोलायला लागतं तेवढं धाडस त्यांच्यात कधीच नव्हतं.

साल १९७४, मे महिना. जागा सोलापुरातली, साखर पेठेच्या मागचा एक बोळ. बोळाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

सोलापूरची मे महिन्यातली दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. गिरणीचा भोंगा होऊन गेला की बोळात कुत्रंसुद्धा दिसत नाही.

आण्णा शाळामास्तर होते. आयुष्यभर त्यांना एकच नाद होता. सोलापूरच्या पेठा, जुन्या खानावळी, हातमागवाल्यांची घरं, गड्ड्याच्या जत्रेतली दुकानं, यांच्या आठवणी गोळा करायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचं पुस्तक करायला घेतलं. छापखाना ईरप्पाचा.

ईरप्पानं निम्मं पुस्तक वाचलं आणि म्हणाला, "मास्तर, समदं बरोबर हाय, पण अळणी हाय. कायतरी झणझणीत घाला की."

आण्णांना ते लागलं. आपलं लिखाण अळणी आहे अशी शंका त्यांना आधीपासूनच होती.

मग त्यांना सोजरबाईची गोष्ट आठवली.

ती त्यांना शेजारच्या तानाबाईनं सांगितली होती. बोळात शेंगाचटणी कुटायची एक रीत होती. कुटणारीनं स्वतः चव बघायची नाही. तिच्या नाकातोंडात तिखट गेलेलं असतं, तिला मीठ कळत नाही. म्हणून उखळातली पहिली चिमूट शेजारणीच्या तळहातावर ठेवायची. ती म्हणेल, मीठ बराबर हाय, तेव्हा चटणी घरात न्यायची.

तीसएक वर्षांपूर्वी, लढाईच्या सालात सोजरबाईनं अशीच चिमूट आपल्या जावेच्या हातावर ठेवली. जाऊ संध्याकाळपर्यंत मेली. चटणीत काहीतरी कालवलं होतं, असं बोळ म्हणाला. त्यानंतर सोजरबाईपुढं कुणी हात पसरला नाही. शेवटी ती उखळाजवळ बसल्या बसल्याच गेली. आण्णांच्या दारासमोरचंच ते उखळ. लोकांनी ते मातीनं बुजवलं.

"आन् तिचा नवरा काय म्हणायचा, ठावं हाय का?" तानाबाई हसत म्हणाली होती. "म्हणं, ती तवा घरात माझ्यापाशी हुती. उखळापाशी न्हवतीच. बायकूचं घेऊन बोलणारच की त्यो."

आण्णांनी गोष्ट लिहिली. सोजरबाईच्या नावासकट. नवऱ्याचं बोलणं तेवढं गाळलं. त्यानं गोष्टीची धार जात होती.

केराबाई, म्हणजे त्यांची बायको, माझी मावशी, तेव्हाच म्हणाली होती, "आवं, मेलेल्या बाईचं नाव कशाला घालताय? ती काय येनार हाय का, न्हाय म्हणून सांगाया?"

पुस्तक छापून आलं. बोळानं ते कौतुकानं घेतलं. तानाबाईला वाचता येत नव्हतं. ती ज्याला त्याला धरून सोजरबाईचं पान वाचायला लावायची.

मग एका दुपारी...

धप्.

आण्णा बाजेवर पडले होते. वाटलं, केराबाई चटणी कुटते आहे.

धप्... धप्...

त्यांनी कूस बदलली. केराबाई खाली सतरंजीवर झोपलेली होती.

त्यांनी दार उघडून पाहिलं. बाहेर नुसतं ऊन. कुणी नाही. आवाजही थांबलेला.

फक्त बुजवलेल्या उखळातली माती... बाहेर काढून शेजारी रचून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला. मग लसणाचा. मग तिखटाचा ठसका, इतका की दोघं खोकत उठले. बोळात एकाही घरी चूल पेटलेली नव्हती.

आण्णा ईरप्पाकडे गेले. "ते पान काढून टाकू या."

"मास्तर, निम्मी पुस्तकं इकली की. लोकांच्या घरात जाऊन पानं फाडताय व्हय?"

आण्णा परत आले. त्यांना कुणापुढं आग्रह धरता येत नसे.

आता पुढचं सांगायला मला जड जातं.

दुपार होती. आण्णा बाजेवर. केराबाई त्यांच्या पायाशी सुपात तांदूळ निवडत होती. तेवढ्यात बाहेर उखळाचा आवाज सुरू झाला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

आणि बाहेरून तानाबाईचा आवाज आला.

"केराक्का, एवढ्या उनाचं कुटतीयास व्हय गं? आण हिकडं, मीठ बगते."

केराबाईच्या हातातले तांदूळ सुपात पडले.

आण्णा दाराशी गेले.

उखळापाशी पाठमोरी एक बाई बसली होती. अंगावर केराबाईचं हिरवं लुगडं. केराबाईचाच अंबाडा. केराबाईसारखीच डाव्या अंगाला झुकून बसलेली.

आण्णांनी मागं वळून पाहिलं. केराबाई सूप मांडीवर घेऊन घरातच बसलेली होती.

बाहेर तानाबाईनं हसत तळहात पुढं केला.

ओरडायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण आण्णांना उभ्या जन्मात बोळात मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. ते चौकट धरून नुसते उभे राहिले.

तानाबाईनं चिमूट तोंडात टाकली.

"मीठ बरा..."

तेवढंच. पुढं तिची जीभ वळली नाही.

आसपासच्या बायका धावत आल्या. दोघी-तिघींनी दारातून सगळं पाहिलं होतं. उखळापाशी आता कुणी नव्हतं. आत लालभडक चटणी होती. हात लावला तर गरम.

तानाबाई वाचली, पण तिची जीभ गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. उन्हाळ्यात येतो.

बोळ तसं म्हणाला नाही.

"आमी डोळ्यांनी बगितलं, केराक्कानं चिमूट ठेवली."

आण्णा दारोदार गेले. हात जोडून सांगत सुटले, "ती तेव्हा घरात माझ्यापाशी होती. देवाशपथ माझ्यापाशी होती."

लोक मान खाली घालून ऐकायचे. एकजण तर समजुतीनं म्हणाला, "मास्तर, तुमी बायकूचं घेऊन बोलणारच की."

तेव्हा आण्णांना कळलं, आपण पुस्तकातून काय गाळलं ते.

केराबाईचा जीव बोळात होता. तिच्या हातची कडक भाकरी आणि चटणी घराघरात जायची. आता कुणी तिच्यापुढं तळहात पसरेना. ती चटणी कुटायची आणि उंबऱ्यात वाट बघत बसायची. मग तशीच उचलून आत न्यायची.

एका दुपारी आण्णा एकटेच त्या उखळासमोर जाऊन बसले. दगड तापलेला होता. ते हळूच म्हणाले, "सोजरबाई, माझं चुकलं. मी नवं पुस्तक काढतो. तुम्ही काही केलं नव्हतं, असं लिहितो. हिला सोडा."



मग अगदी कानाशी... तिखटानं घोगरा झालेला आवाज.

"आता तिचं लिवा की."

आण्णा ताप घेऊनच घरी आले. नवं पुस्तक त्यांनी काढलं. ईरप्पानं ते फुकट छापलं. बोळातल्या एकानंही ते घेतलं नाही.

सन एकोणऐंशीमध्ये कॉलेजचा एक मुलगा त्यांच्याकडं आला. सोलापूरचं खाणं आणि जुन्या आठवणी यावर त्याला लिहायचं होतं. आण्णांना फार आनंद झाला. केराबाईनं चहा ठेवला.

मुलगा म्हणाला, "सर, या बोळात चटणीत विष कालवणारी एक बाई होती म्हणतात."

"सोजरबाई," आण्णा म्हणाले. "पण ते खरं नाही. मी तुम्हाला नीट सांगतो."

"सोजरबाई?" मुलगा गोंधळला. "ते नाव कुणीच घेतलं नाही, सर. सगळे म्हणाले, केराबाई."

दारात केराबाई कपबशी घेऊन उभी होती.

मुलानं तिच्याकडं पाहिलं. मग कपाकडं. आणि घाईनं उठून निघून गेला.

आण्णा त्याच वर्षी गेले. केरामावशी आहे. त्याच बोळात, त्याच घरात. सोजरबाईनं कधी काही केलं होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण मावशीनं काही केलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला आण्णांनी सगळं सांगितलं आहे.

मी गेलो की मावशी ताट वाढते. भाकरी, दही, शेंगाचटणी. समोर बसते. मी खातो, पोटभर खातो.

फक्त पहिला घास घेताना माझा हात थांबतो. क्षणभरच.

आणि दर वेळी... ती ते बघते.